चौघींतली एक गप्प

मंगळवार, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. शिरटेकडी, मोमीन गल्लीच्या तोंडाशी हेरवाडकरांचं घर, मधली खोली.

"कुठली काढतोयस?"

निशिकांत हेरवाडकरचा हात बुटक्या कपाटावरच्या पेटीवर थांबला. त्यानं मागं वळून पाहिलं. दारात वस्ताद उभे होते. त्यांच्यामागं सुगंधा माळगे पायरीवर चपला काढत होती.

"तिसरी," निशिकांत म्हणाला. "ओरडतेय ती."

"का?"

"ओरडतेय म्हणून."

वस्तादांनी मान हलवली. ती होकाराला हलली की नकाराला, ते कळलं नाही.

पेटी म्हणजे पावाच्या दोन लाद्या एकावर एक ठेवल्यावर होईल एवढा काळा डबा. आत चार हार्ड डिस्क, कपाटातल्या पुस्तकांसारख्या उभ्या. निशिकांतच्या वडिलांनी, आण्णांनी, चौतीस वर्षं या गावात एक साप्ताहिक चालवलं. त्या चौतीस वर्षांतला प्रत्येक फोटो, प्रत्येक कागद, प्रत्येक माणसाचं बोलणं त्यांनी या डब्यात भरून ठेवलं होतं. आण्णांना जाऊन पाच महिने झाले होते. डबा चालू होता.

आणि चार दिवसांपासून घरघरत होता. साधं घरघरणं नव्हे. शेजारच्या खोलीत कुणी जात्यावर खडे दळतंय असं वाटावं.

"वहिनी," निशिकांत सुगंधाला म्हणाला, "मी तुम्हांला अकरा वाजता या म्हटलं होतं. आणि तुम्ही माग दुरुस्त करणाऱ्याला घेऊन आलात?"

"काल आले तवा आवाज ऐकला न्हवं. आवाज यायला लागला की आण्णा वस्तादचाचांनाच बोलवायचे. पंखा, पंप, मिक्सर..."

"हा मिक्सर नाही."

"मिक्सर परवडला, दादा. त्यात माझा नवरा अडकलेला न्हाई."

निशिकांतनं पेटीवरचा हात मागं घेतला.

तिचा नवरा भरमू टेकडीखालच्या सायझिंगमध्ये कामाला होता. सायझिंग म्हणजे सुताला खळ लावायचा कारखाना. खळीला वाफ लागते, वाफेला बॉयलर लागतो. नऊ वर्षांपूर्वी तो बॉयलर फुटला. पाच माणसं जागच्या जागी गेली. सहावा भरमू. तो दवाखान्यात चार दिवस जगला, शुद्धीवर होता, बोलत होता. त्या चार दिवसांत त्याचा जबाब घ्यायला सरकारातल्या एकाही माणसाला सवड झाली नाही. तिसऱ्या दिवशी आण्णा कॅमेरा घेऊन गेले आणि तेवीस मिनिटं त्याचं बोलणं उतरवून आले.

चौकशी बसली. बसली ती बसलीच. पहिल्या अधिकाऱ्याकडं आण्णांनी चित्रणाची सीडी दिली होती. ती दुसऱ्यापर्यंत पोचली नाही. दुसऱ्याची बदली झाली. तिसरा निवृत्त झाला आणि त्याला निरोपाची शाल मिळाली. चौथ्यानं सुगंधाला नोटीस धाडली होती : मूळ चित्रण मंगळवारी दुपारी तीन वाजता हजर करावं, अन्यथा पुरावा उपलब्ध नाही असं समजून प्रकरण निकाली काढण्यात येईल.

तो मंगळवार आजचा.

"माझी काळजी करू नका," निशिकांत म्हणाला. "पुण्यात मी हेच काम करतो. असल्या चार नव्हे, चारशे डिस्क माझ्या हाताखाली असतात." तो बोटांवर मोजत सांगू लागला. "यांची रचनाच अशी आहे. चौघींतली एक बंद पडली तरी उरलेल्या तिघी तिचा वाटा उचलतात. एक अक्षर हरवत नाही. म्हणून आजारी आहे ती काढायची, नवी घालायची. मग निवांत कॉपी."

"आन दोन बंद पडल्या तर?" सुगंधानं विचारलं.

"मग सगळंच गेलं. पण दोन कशाला पडतील?"

वस्ताद आत आले. खुर्ची पुढं केली होती, तिच्यावर बसले नाहीत.

वस्ताद म्हणजे दस्तगीर मोमीन. वय एकाहत्तर. पन्नास वर्षं मागांचे जॉबर. माग बिघडला की बोलावतात तो माणूस म्हणजे जॉबर. शिरटेकडीत आज पान्यावर पोट भरणाऱ्यांपैकी निम्मे त्यांच्या हाताखालून गेलेले. त्यांची शिकवायची रीत गावाला ठाऊक होती. पहिले सहा महिने पोराला पान्याला हात लावू द्यायचे नाहीत. साठ माग चाललेल्या शेडमध्ये भिंतीकडं तोंड करून उभं करायचे आणि विचारायचे, यातला कुठला बंद आहे? कुठला बिघडलाय असं नव्हे. कुठला बंद आहे, असं. पोरं रडकुंडीला यायची. काही पळून जायची. राहायची ती जॉबर व्हायची.

निशिकांतनंही दहावीच्या सुट्टीत दोन दिवस भिंतीकडं तोंड केलं होतं. तिसऱ्या दिवशी तो गेला नाही.

"वस्ताद, माग निराळा, हे निराळं," तो आता म्हणाला. "यात तेल नाही, पट्टा नाही."

"फिरतंय का न्हाई काही?"

"फिरतं. आत तबकडी असते. मिनिटाला सात हजार वेळा फिरते."

"मग फिरणाऱ्याचा आवाज मला कळतो. तुझं शिक्षण तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे."

सुगंधाला हसू आलं. तिनं ते पदराआड घेतलं.

वस्तादांनी खिशातून लाकडी कांडी काढली. मागाच्या धोट्यात सुताची कांडी बसते तीच, वापरून वापरून काळपट झालेली. तिचं निमुळतं टोक त्यांनी पहिल्या डिस्कच्या कप्प्याला टेकवलं, जाड टोक कानाला. डोळे मिटले.

बाहेर गावातले माग खटखटत होते. शिरटेकडीत ते कुणाला ऐकू येत नाहीत.

कांडी पहिलीवरून दुसरीवर गेली. तिथं बराच वेळ राहिली. मग तिसरीवर. मग चौथीवर. आणि परत दुसरीवर आली.

"झालं?" निशिकांतनं घड्याळ पाहिलं. "मी सांगतो. तिसरीच आहे. आवाज तर सगळ्यांना ऐकू येतोय."

"तिसरी राबतीया," वस्ताद म्हणाले.

"आणि दुसरी?"

"..."

"दुसरी उत्तम आहे, वस्ताद. तिचा आवाजच नाही."

वस्तादांनी कांडी खिशात ठेवली. त्यांनी निशिकांतचं मनगट धरलं, लहान पोराचं धरावं तसं, आणि त्याचा तळवा तिसऱ्या डिस्कवर टेकवला. तापलेली. चौथीवर. गरम. पहिलीवर. गरम.

दुसरीवर.

निशिकांतनं हात काढून घेतला. परत ठेवला.

शेजारणींची ऊब लागून ती किंचित कोमट होती. एवढंच.

"चौघी एका घरात एकाच कामाला," वस्ताद म्हणाले. "एकीचंच अंग गार कसं रं?"

डब्याच्या पुढच्या बाजूला आण्णांनी एक काळी चिकटपट्टी लावलेली होती. डबा त्यांच्या उशाशी असायचा, आणि दिव्यांनी झोपमोड होते अशी त्यांची तक्रार होती. निशिकांतनं ती पट्टी नखानं उचलून सोलली.

खाली चार बारीक दिवे. तीन हिरवे. दुसरा लाल.

डबा घरघरत राहिला.

"म्हणजे काय, दादा?" सुगंधानं विचारलं.

"म्हणजे..." त्यानं लाल दिव्यावर बोट ठेवलं. "म्हणजे दुसरी आधीच गेलेली आहे. मी आता तिसरी ओढली असती तर..."

"तर?"

"तर दोन झाल्या असत्या."

सुगंधा भिंतीला टेकून खाली बसली. ती रडली नाही. नऊ वर्षं कचेऱ्यांच्या बाकड्यांवर बसलेली बाई होती ती. रडायचं कुठं आणि नाही कुठं, हे तिला पाठ होतं.

"कधी गेली असंल?" वस्तादांनी विचारलं.

"कळायला मार्ग नाही. फायली कुणालाही उघडतात, पण आतला अहवाल बघायचा तर पासवर्ड हवा, तो आण्णांबरोबर गेला. इशारा पाठवायची सोय आहे, पण तो आण्णांच्याच ई-मेलवर जात असणार. ते पत्र आता कोण उघडणार?"

"तोंडानं बोलत न्हाई का हे? आमचा माग धागा तुटला की थांबतो. ह्येचं तसं काही?"

"बोलतं ना. शिट्टी असते. पीं पीं करत राहतं, अगदी डोकं उठेपर्यंत..."

तो थांबला.



"आण्णांच्या तेराव्याला वाजत होतं," निशिकांत सावकाश म्हणाला. "घरात पाहुणे होते. पंगत बसली होती. मामा म्हणाले, ते काय केकाटतंय, बंद कर."

"मग?"

"मागच्या बाजूला बटण आहे. दाबलं."

"थांबलं?"

"थांबलं."

"काय म्हणत हुतं ते?"

निशिकांतनं मान खाली घातली. "विचारलं नाही."

सुगंधा त्याच्याकडं बघत होती. रागानं नाही. तिच्या तोंडावर जे होतं त्याला निशिकांतला नाव देता आलं नाही, आणि राग असता तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं.

"आता?" तो म्हणाला. "वस्ताद, आता काय करू? नवी डिस्क आणलीय. दुसरीच्या जागी घालतो. सगळं भरून निघायला नऊ-दहा तास लागतील. तेवढा वेळ उरलेल्या तिघींवर ताण येणार, त्यात तिसरी अशी ओरडतेय... नाहीतर डबा बंद करून गार होऊ देतो. पण बंद केला आणि परत उठलाच नाही, तर..."

"सुगंधा," वस्ताद तिच्याकडं वळले, "सायझिंगमधनं भरमूला भाईर कवा काढला गं?"

निशिकांतला वाटलं, म्हातारा भरकटला.

"दीड तासानं," ती म्हणाली. "आधी मालक आला. मग विम्याचा माणूस आला. बॉयलरचे फोटो काढले. मग आत शिरले."

वस्ताद निशिकांतकडं बघत राहिले.

निशिकांत उठला. लॅपटॉप उघडला. नवी डिस्क तशीच खोक्यात राहू दिली. पेन ड्राइव्ह खोचला, आण्णांच्या शेकडो फोल्डरांतून 'माळगे, दवाखाना' एवढंच शोधलं आणि ती एक फाइल उचलून इकडं टाकली.

हिरवी पट्टी सरकू लागली. दहा टक्के. वीस.

डब्याचा आवाज वाढला. तिसरी डिस्क आता खरोखर किंचाळत होती. कपाटाचं दार थरथरायला लागलं.

"हे कपाट लोखंडी," वस्ताद म्हणाले. "आधी डबा हितंच असायचा?"

"नाही. आण्णांच्या उशाजवळच्या लाकडी टेबलावर. परवा टेबल विकायला काढलं, म्हणून चार दिवसांपूर्वी इथं ठेवला."

"चार दिवसांपूर्वी."

"हो."

"आन आवाज कवापासनं?"

निशिकांतनं कपाळावर हात मारला.

वस्तादांनी दाराशी पडलेलं पायपुसणं उचललं, गोणपाटाचं, जाडजूड. त्याची चौघडी केली. "धर. हलवू नकोस, नुस्ता उचल. पेल्यातलं दूध उचलावं तसा." निशिकांतनं डबा दोन बोटं वर उचलला. गोणपाट खाली सरकलं. डबा त्यावर टेकला.

किंचाळणं गेलं. मागं उरली ती एक जड, दमलेली गुणगुण.

"एवढंच होतं?" निशिकांत म्हणाला.

"ती दोघींचं वझं वाहती. धापा टाकणारच. बाकीचा कांगावा कपाटाचा." वस्ताद आता कुठं खुर्चीवर टेकले. "आवाज करंल त्येला भाईर काढायचं, ही सवय तुम्हा लोकांना लागली कुठनं, देव जाणे. आमच्या शेडमध्ये पोरं अशीच करायची. खडखडणाऱ्या मागाचा पट्टा ढिला करायची, आवाज खाली बसायचा. आन कोपऱ्यात एक माग तासाभरापासनं मुका, त्येच्याकडं कुणी बघायचं न्हाई."

साठ टक्के. एकाहत्तर. एकाहत्तर.

पट्टी थांबली.

निशिकांतचा हात आपोआप माऊसकडं गेला.

"काय करतोयस?"

"परत सुरू करतो. अडकलंय."

"हात काढ."

"वस्ताद..."

"राबणाऱ्याला हाका मारायच्या न्हाईत."

त्यानं हात मांडीवर ठेवला. एक मिनिट गेलं. दोन. सुगंधानं डोळे मिटले होते; ओठ हलत नव्हते, म्हणजे देवाचं नाव घेत नसावी. डबा धपापत होता.

बहात्तर.

मग पंच्याहत्तर, ऐंशी, आणि पुढं उताराला लागलेल्या सायकलीसारखी ती पट्टी शंभरावर जाऊन पडली.

निशिकांतनं तीच फाइल दुसऱ्या पेन ड्राइव्हवर घेतली. मग तिसऱ्यावर. मग लॅपटॉपवर. सीडीचं काय झालं ते त्याला ठाऊक होतं.

"लागते का बघावं लागेल," तो चाचरत सुगंधाला म्हणाला. "नुसती कॉपी होऊन भागत नाही. तुम्ही बाहेर बसलात तरी..."

"लावा."

"तुम्ही कधी पाहिलंय का हे?"

"न्हाई. लावा."

ती पडद्याकडं पाठ करून बसली. भिंतीकडं तोंड करून.

पडद्यावर दवाखान्यातली खाट आली. पट्ट्यांत गुंडाळलेलं डोकं. आण्णांचा आवाज, पडद्याबाहेरून : घाई नाही, भरमू, सावकाश सांग.

भरमूचा आवाज खोलीत आला. नऊ वर्षांनी, स्वच्छ.

"शिट्टी वाजत हुती, आण्णा. बॉयलरच्या डोक्यावरची. वाफ जादा झाली की ती वाजती. पंधरा दिवस वाजत हुती, दिवसरात. आम्ही सांगितलं मालकाला. गल्लीतले लोक भांडाय आले, झोप लागत न्हाई म्हनले... मग कुणीतरी मेस्त्री बघून गेला म्हनत्यात. मी दुसऱ्या पाळीला हुतो."

"कोण मेस्त्री?"

"ठाऊक न्हाई. मग एक दिवस कामावर गेलो तर गप. आम्हांला वाटलं, दुरुस्त झाली... बरं वाटलं, आण्णा. कान मोकळं झालं. मग तिसऱ्या दिवशी वर चढलो तर शिट्टीच्या दांडीला तार आवळलेली. म्हनलं, ही कुणी..."

खोकला. आण्णा थांबा म्हणतात, पाणी द्या म्हणतात.

निशिकांतनं चित्र थांबवलं. पुरेसं होतं. फाइल चांगली होती.

सुगंधा भिंतीकडंच बघत होती. तिनं पदरानं तोंड पुसलं, उठली, एक पेन ड्राइव्ह घेतला आणि पोलक्यात ठेवला. दुसरा पिशवीत ठेवला.

"आवाज तस्साच हाय," ती म्हणाली. एवढंच.

निशिकांतनं नोटिशीचा कागद परत वाचला. चौकशीचे चौदा मुद्दे होते. बॉयलर कोणत्या साली बसवला. परवाना कोणत्या तारखेला संपला. कामगारांनी हातमोजे घातले होते काय. तार कुणी आवळली, हा मुद्दा चौदांत नव्हता. त्या मेस्त्रीचाही नव्हता.

"आण्णांनी शोधलं असणार," तो म्हणाला. "तो मेस्त्री."

"शोधला की," सुगंधा म्हणाली. "कोल्हापूरपासनं सांगलीपतोर एक बॉयलरवाला सोडला न्हाई. कुणीच न्हाई म्हनलं. आम्हांला बोलावलंच न्हवतं, म्हनलं."

"मग गेला कोण?"

डबा गोणपाटावर गुणगुणत होता. वस्ताद खुर्चीवरून उठले. त्यांना उठायला वेळ लागला.

"आण्णा बॉयलरवाल्यांना इचारत फिरले," ते म्हणाले. "ह्याच खोलीत माझ्यासंगं चहा पीत हुते रोज. मागाच्या जॉबरला कोण इचारतो?"

निशिकांतनं वर पाहिलं. सुगंधानंही.

"मालकानं मला बोलावलं हुतं. म्हनाला, वस्ताद, आवाजातलं तुम्हांला कळतं, तेवढी शिट्टी बंद करून द्या. मी बघितलं. म्हनलं, हे मी करणार न्हाई. आन घरला आलो."

"मग तार कुणी...?"

"ते मला ठाऊक न्हाई."

"चाचा," सुगंधा म्हणाली. तिचा आवाज अगदी हळू होता. "घरला येऊन कुणाला सांगितलंसा?"

"..."

"चाचा?"

वस्तादांनी दाराच्या चौकटीला हात टेकला.

"सायझिंगच्या मागंच घर माझं," ते म्हणाले. "पंधरा दिवस माझा डोळ्याला डोळा लागला न्हवता. शिट्टी बंद झाली, त्या रातीला मी गाढ झोपलो."